कारखान्यातलं सिम्युलेशन : धातूचा बार आत येण्यापासून माल पोचेपर्यंत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांचे मालक, पीपीसीवाले (उत्पादनाचं नियोजन करणारे) आणि डिस्पॅच (माल पाठवणं) सांभाळणारे लोक जे प्रश्न हटकून विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांतले आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण हिशेब खरे आहेत. कागद-पेन घेऊन पडताळून पाहा.

सिम्युलेशन म्हणजे नेमकं करायचं काय?

कारखान्याची एक नक्कल संगणकात बांधायची आणि तिच्यावरून घड्याळ पळवायचं. बार आला, टर्निंग (लेथवरचं काम) सुरू झालं, इन्सर्ट (कापणारं पातं) तुटला, सेटर (मशिन लावून देणारा) जेवायला गेलेला होता म्हणून मशिन थांबलं, लॉट हीट ट्रीटमेंटला बाहेर गेला, परत आला, ग्राइंडिंगपुढे रांगेत पडला, पॅकिंग झालं, गाडी लागली. या सगळ्या घटना. संगणक एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारतो, मधला रिकामा वेळ मोजत बसत नाही. त्यामुळे सहा महिन्यांचं उत्पादन काही सेकंदांत चालवून बघता येतं. सायकल टाइम, बिघाड, गाडीचा प्रवास या गोष्टींना एकच आकडा न देता खालीवर होणारे आकडे द्यायचे, हा यातला खरा मुद्दा.

हे काहीतरी नवीन फॅड आहे का?

नाही. रांगांचं गणित ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलं. आयबीएममध्ये जेफ्री गॉर्डन यांनी जीपीएसएस ही खास सिम्युलेशनची भाषा १९६१ च्या सुमारास तयार केली. जवळपास त्याच काळात ऑस्लोमध्ये दाल आणि न्यूगार्ड यांचं सिम्युला आलं. तेव्हा त्यासाठी खोलीभर संगणक लागायचा, आता अकाउंट्समधला जुना लॅपटॉप पुरतो. बदललंय ते एवढंच.

एक्सेलमध्ये कपॅसिटी काढतोच की आम्ही. मग हे कशाला?

एक्सेलच्या शीटमध्ये तुम्ही सरासरी टाकता, आणि सरासरी तुम्हाला फसवते. एक साधं उदाहरण घ्या.

दोन मशिन एकापाठोपाठ आहेत. दोन्हींचा सरासरी वेळ नगाला ५ मिनिटं. एक्सेल म्हणणार, तासाला १२ नग. आता समजा दोन्हींचा वेळ चांगलाच हलतो, कधी २ मिनिटं, कधी १२, आणि दोघांच्या मध्ये माल ठेवायला जागाच नाही. पहिल्याचं काम लवकर झालं तरी दुसरं मोकळं नाही, म्हणून नग हातात धरून उभं. दुसरं लवकर मोकळं झालं तर पहिल्याकडून काही आलेलं नाही, म्हणून उपाशी. लवकर झाल्याचा फायदा पुढे जात नाही, उशिराचा तोटा मात्र जातो. अगदी टोकाच्या चढउतारात, म्हणजे गणितात ज्याला एक्स्पोनेन्शियल म्हणतात त्या प्रकारात, या जोडीतून तासाला बरोबर ८ नग निघतात. एक तृतीयांश उत्पादन गेलं, आणि कोणीही कामचुकारपणा केलेला नाही.

मध्ये एक नग ठेवायची जागा करा, ८ चे ९ होतात. चार नगांची जागा केली तर साधारण १०.३. दहा नगांची केली तर ११ च्या थोडं वर. म्हणजे पहिल्या काही जागांचा फायदा भरपूर, पुढे तो आटत जातो. कुठे थांबायचं हे सिम्युलेशन सांगतं. सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशिनवर) सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) एवढा हलत नाही, त्यामुळे तिथली तूट कमी असते. पण हाताने होणारं डीबरिंग (धारदार कडा घासणं), फिटिंग, शंभर टक्के इन्स्पेक्शन किंवा दर लॉटला सेटिंग बदलणारं मशिन असेल, तर एक्सेलचा आकडा आणि शॉप फ्लोअरवरचा आकडा यांत जे अंतर पडतं, त्याचा बराचसा भाग इथून येतो. दर महिन्याच्या मीटिंगमध्ये त्याचं खापर ऑपरेटरवर फुटतं, ते वेगळं.

आमचं ग्राइंडिंग मशिन ९५ टक्के वापरात आहे. हे चांगलंच ना?

मशिनचा हप्ता फेडायचा असेल तर चांगलं. वेळेवर माल द्यायचा असेल तर नाही.

समजा ग्राइंडिंगला जॉबमागे सरासरी १२ मिनिटं लागतात, आणि जॉब येण्याची व होण्याची वेळ दोन्ही बेभरवशाच्या आहेत. मशिन ८० टक्के भरलेलं असेल तर जॉब रांगेत सरासरी ४८ मिनिटं थांबतो. ९० टक्क्यांवर १०८ मिनिटं. ९५ टक्क्यांवर २२८ मिनिटं, म्हणजे जवळजवळ चार तास. शेवटचे पाच टक्के पिळून काढायला गेलात आणि रांग दुपटीहून जास्त वाढली.

यावर लोकांचा पहिला विचार नवीन मशिन घेण्याचा असतो. त्याआधी दुसरं एक बघा. ज्या सूत्राने हे आकडे येतात, त्यात चढउतार निम्मा केला की वाट बघणंही साधारण निम्मं होतं. ९० टक्क्यांवरचे १०८ मिनिटं ५४ वर येतात. चढउतार कमी करायचा म्हणजे काय, तर टर्निंगकडून एकदम चार ट्रॉल्या ढकलण्याऐवजी थोडा थोडा माल येऊ द्यायचा, व्हील ड्रेसिंगची (ग्राइंडिंगच्या चाकाला पुन्हा धार आणण्याची) वेळ ठरवून घ्यायची, ‘अर्जंट’ची चिठ्ठी लावलेले जॉब मध्ये घुसवणं आवरायचं. हे बदल मॉडेलमध्ये एका दुपारी करून बघता येतात.

माहिती कुठून आणायची? आमच्याकडे धड नोंदीच नाहीत.

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण समजतात त्याहून जास्त नोंदी त्यांच्याकडे असतात, फक्त त्या विखुरलेल्या असतात. शिफ्टचा लॉगबुक, मेंटेनन्सची वही, गेटवरचं आवक-जावक रजिस्टर, जॉबवर्कची चलनं, वजनकाट्याच्या पावत्या. गेट रजिस्टर तर सोन्याचं असतं. त्यात गाडी कधी आली, कधी गेली, हे वॉचमनने लिहिलेलं असतं आणि त्याला आकडा सजवून लिहिण्याचं काही कारण नसतं.

लॉगबुक मात्र जरा संशयाने वाचा. बिघाडाच्या वेळा ३० मिनिटं, १ तास, २ तास अशा गोल आकड्यांत दिसतात आणि दहा मिनिटांखालचे थांबे कुठेच नसतात. चिप अडकली, एअर प्रेशर कमी झालं, गेज दुसऱ्या मशिनवर गेलंय, हे कोणी लिहीत नाही. एखाद्या मशिनपाशी दोन शिफ्ट उभं राहून मोबाइलवर वेळा टिपा. मशिनवर काम करणाऱ्याला आधी सांगा की हे कशासाठी आहे, नाहीतर तो त्या दिवशी वेगळ्याच वेगाने काम करेल.

जिथे काहीच नोंद नाही तिथे अनुभवी माणसाला तीन आकडे विचारा: कमीत कमी, बहुतेक वेळा, जास्तीत जास्त. समजा सेटर म्हणाला, ‘८ मिनिटांत होतं, बहुतेक वेळा १०, पण कधी २४ पण लागतात.’ त्रिकोणी वितरण धरलं (तिन्ही आकड्यांची बेरीज भागिले तीन) तर याची सरासरी १४ मिनिटं येते. प्लॅनिंगच्या शीटमध्ये मात्र तेच सेटिंग १० मिनिटांचं असतं, कारण ‘किती लागतं?’ असं विचारलं की माणूस नेहमीचा आकडा सांगतो, सरासरी नाही.

बिघाडाबाबत आणखी एक. ‘मशिन ९५ टक्के चालू असतं’ एवढं पुरत नाही. ९५ मिनिटं चालून ५ मिनिटं बंद पडणारं मशिन आणि ९५ तास चालून ५ तास बंद पडणारं मशिन, दोन्हींची टक्केवारी सारखीच. नगाला २ मिनिटं लागत असतील आणि पुढे २० नग साठलेले असतील, तर पहिल्या मशिनचा बिघाड पुढच्या माणसाला कळतही नाही. दुसऱ्या मशिनच्या बाबतीत ४० मिनिटांत पुढची सगळी लाइन गार. म्हणून बिघाड किती वेळाने होतो आणि दुरुस्तीला किती वेळ लागतो, हे दोन आकडे वेगवेगळे लागतात.

पुण्यातल्या कारखान्यासाठी मॉडेलमध्ये काही वेगळं घालावं लागतं का?

हो, कॅलेंडर. परदेशी सॉफ्टवेअर शनिवार-रविवार सुट्टी धरून बसतं. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीत बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तुमची सुट्टी गुरुवारी, ग्राहकाची रविवारी आणि प्लेटिंगवाल्याची तिसऱ्याच दिवशी असेल, तर बुधवारी संध्याकाळी पाठवलेला लॉट नुसताच पडून राहतो. आठवड्याचे हे सांधे मॉडेलमध्ये नसतील तर लीड टाइम (माल तयार होऊन निघेपर्यंतचा वेळ) कधीच जुळणार नाही.

मग आषाढीची वारी. आळंदी आणि देहूहून पालख्या निघतात त्या दिवसांत दिघी, आकुर्डी, निगडी, पुढे हडपसर आणि दिवे घाटाच्या बाजूची वाहतूक वळवली जाते. गणपती, दिवाळी, छठ, पेरणीच्या दिवसांत गावी गेलेली माणसं, हे सगळं हजेरीपटात दिसतं. दरवर्षी येतं आणि दरवर्षी ‘या वेळी अचानक माणसं कमी पडली’ असं ऐकू येतं.

माल पोचवण्याचा भाग मॉडेलमध्ये घ्यावा का? ट्रान्सपोर्ट तर बाहेरचा आहे.

घ्यावाच. ग्राहक तुमचं उत्पादन मोजत नाही, त्याच्या गेटवर आलेला माल मोजतो. बऱ्याच मॉडेलांचा दोष हाच असतो की ती पॅकिंगच्या टेबलाशी संपतात.

भोसरीहून चाकण वीसेक किलोमीटर. नाशिक रस्त्यावर मोशी आणि चाकणचे चौक कसे आहेत त्यावर हे अंतर पाऊण तासाचं होतं किंवा दोन तासांचं. अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी असेल तर गाडी निघायची वेळच बदलते. ग्राहकाच्या गेटवर पुन्हा रांग: कागद तपासणी, वजनकाटा, उतरवायला फोर्कलिफ्ट मोकळी आहे का. यातली प्रत्येक पायरी मॉडेलमध्ये एक ‘मशिन’ म्हणूनच मांडता येते. तिला वेळ आहे, रांग आहे, बिघाडही आहे.

इथे विचारायचा प्रश्न ‘सरासरी किती वेळ लागतो’ हा नाही. प्रश्न असा, की सकाळी ७ ला गाडी सोडली तर शंभरातल्या किती दिवशी ती ९ च्या स्लॉटला पोचेल, आणि साडेसहाला सोडली तर किती. तो अर्धा तास आधी गाडी भरायची असेल तर रात्रपाळीत पॅकिंगचा एक माणूस लागेल. त्याचा पगार एका बाजूला आणि ग्राहकाची लाइन थांबल्यावर येणारी डेबिट नोट (त्याने तुमच्या बिलातून कापलेली रक्कम) दुसऱ्या बाजूला. निर्णय मग भांडणाचा राहत नाही, हिशेबाचा होतो.

निर्यात करत असाल तर न्हावाशेवा बंदराची कट-ऑफ वेळ (कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ) धरा. घाटात अडकलेल्या कंटेनरने जहाज चुकवलं की तास नाही, दिवस जातात. मॉडेलमध्ये हा उशीर सरळ रेषेत वाढत नाही, पायरीने उडी मारतो, आणि तसाच मांडावा लागतो.

किट किंवा सेट पुरवणाऱ्यांसाठी एक गुणाकार. सेटमध्ये दहा पार्ट आहेत आणि प्रत्येक पार्ट ९५ टक्के वेळा वेळेवर तयार असतो. एकमेकांशी संबंध नसेल तर पूर्ण सेट वेळेवर तयार असण्याची शक्यता ६० टक्क्यांच्याही किंचित खाली येते. प्रत्येक विभागप्रमुख आपला ९५ चा आलेख दाखवतो आणि डिस्पॅचवाला एकटा शिव्या खातो.

लॉट साइज कमी करा असं सगळेच सांगतात. सिम्युलेशनने त्यात काय कळतं?

उत्पादनाचा लॉट आणि हलवायचा लॉट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळतं. १०० नगांचा लॉट, तीन ऑपरेशन, प्रत्येकी नगाला २ मिनिटं. पूर्ण लॉट झाल्यावरच पुढे ढकलला तर ६०० मिनिटं. तेच २०-२० ची ट्रॉली भरली की पुढे दिली, तर २८० मिनिटं. सेटिंग तेवढंच, मशिन तीच, माणसं तीच. हीट ट्रीटमेंटला मात्र भट्टी भरल्याशिवाय चालवता येत नाही, तिथे हा उपाय थांबतो.

ग्राहकाचं शेड्यूल दर आठवड्याला बदलतं. मॉडेल करून काय उपयोग?

शेड्यूल हलतं म्हणूनच उपयोग. मागचं वर्षभराचं शेड्यूल आणि प्रत्यक्षात उचललेला माल यांतला फरक काढा. तो फरकच मॉडेलला खाऊ घाला.

या दुखण्याला पुरवठा साखळीत ‘बुलव्हिप’, म्हणजे चाबूक, म्हणतात. एमआयटीचे जे. डब्ल्यू. फॉरेस्टर यांनी १९५८ मध्ये दाखवलं की दुकानातल्या मागणीतला छोटा बदल मागे मागे जाताना मोठा होत जातो. प्रत्येक टप्प्यावरचा माणूस थोडी भर घालून ऑर्डर देतो, आणि माल यायला वेळ लागतो म्हणून मधल्या काळात पुन्हा घाबरून ऑर्डर देतो. वाहन कंपनीच्या पुरवठादारांच्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीत असाल तर तुम्ही त्या चाबकाच्या टोकाला आहात. तुमच्या मॉडेलमधून ग्राहकाला ‘शेड्यूल पाच दिवस गोठवलंत तर आम्ही तेवढ्याच साठ्यात वेळेवर देऊ’ असं आकड्यांनिशी सांगता येतं. तो ऐकेलच असं नाही.

ईआरपी (सगळ्या विभागांचा हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) आहे आमच्याकडे. तो हेच करत नाही का?

नाही. त्यातला एमआरपी (कोणता माल कधी, किती लागेल हे काढणारा भाग) बहुतेक ठिकाणी ठरलेला लीड टाइम धरून मागे मोजत जातो आणि त्या आठवड्यात मशिन रिकामं आहे का, हे बघत नाही. तो काय हवं ते सांगतो, जमेल का ते नाही.

तुमचा लीड टाइम खरा आहे का, हे बघायला सिम्युलेशनही लागत नाही. शॉप फ्लोअरवर टर्निंगपासून पॅकिंगपर्यंत १,२०० नग पडलेले असतील आणि रोज ३०० बाहेर जात असतील, तर नगाला आत सरासरी ४ दिवस लागतात. हा लिटलचा नियम, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला. मार्केटिंगने दोन दिवसांचं आश्वासन दिलं असेल तर आधी शॉप फ्लोअरवरचा माल निम्मा करावा लागेल, किंवा रोजचा डिस्पॅच दुप्पट.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

अरेना, एनीलॉजिक, फ्लेक्ससिम, सिमियो, विटनेस, सीमेन्सचं प्लँट सिम्युलेशन ही नावं ऐकाल. सगळी सक्षम आहेत, परवाना सगळ्यांचा महाग. पायथन येणारा मुलगा हाताशी असेल तर सिमपाय मोफत आहे. चित्रावर ओढून बांधायचं असेल तर जामसिमही मोफत. पहिल्या मॉडेलसाठी पैसे खर्च करू नका. थ्रीडी अॅनिमेशन बघून तर अजिबात भुलू नका. ते एमडींच्या केबिनसाठी असतं, त्यात फोर्कलिफ्ट छान फिरते आणि वेळा अंदाजाने टाकलेल्या असतात.

डिजिटल ट्विन म्हणजे हेच का?

मशिनवरून येणाऱ्या चालू माहितीशी कायम जोडलेलं मॉडेल म्हणजे डिजिटल ट्विन. ज्या कारखान्यात बिघाडाची वही नीट लिहिली जात नाही, तिथे हा विषय काढू नये.

मॉडेल बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

मागच्या तिमाहीचे इनपुट टाका आणि तिमाहीत प्रत्यक्ष किती माल गेला, रांगा कुठे होत्या, ते जुळतं का बघा. नुसता एकूण आकडा जुळून चालत नाही. दोन चुका एकमेकींना खाऊनही एकूण जुळतं.

दुसरी परीक्षा जास्त कडक. जुन्या सुपरवायझरला मॉडेल चालताना दाखवा आणि काही बोलू नका. ‘इथे एवढा माल साठतच नाही, प्लेटिंगची गाडी मंगळवारीच येते,’ असं तो दोन मिनिटांत सांगेल. ते वाक्य कोणत्याही एसओपीमध्ये (कामाच्या लेखी पद्धतीत) लिहिलेलं नसतं. तो म्हणाला, ‘हां, असंच होतं,’ की मग पुढे जा.

एकदा चालवलं की उत्तर मिळतं?

एकदा चालवलेलं मॉडेल म्हणजे एक महिना कसा गेला असता याची एकच गोष्ट. तोच महिना वेगवेगळ्या यादृच्छिक आकड्यांनी दहा-वीस वेळा चालवा आणि उत्तर पट्ट्यात सांगा: ‘वेळेवर डिस्पॅच ८८ ते ९३ टक्के.’ पट्टा निम्मा हवा असेल तर चौपट वेळा चालवावं लागतं. शिवाय मॉडेल रिकाम्या कारखान्यापासून सुरू होतं, तुमचा कारखाना कधीच रिकामा नसतो. म्हणून सुरुवातीचा काही काळ हिशेबातून वगळायचा. हे दोन नियम न पाळता दिलेला अहवाल परत करा.

कामगारांना वाटतं, माणसं कमी करायला आलेत.

कधी कधी त्यांचं बरोबरही असतं, म्हणून आधीच स्पष्ट बोला. मालकाच्या मनात कपात असेल तर वेळा टिपायला शॉप फ्लोअरवर जाऊच नका, खरे आकडे मिळणार नाहीत. नसेल तर ते युनियनच्या प्रतिनिधीसमोर सांगा आणि निकालही त्यांनाच आधी दाखवा.

कधी करू नये?

निर्णय आधीच झालेला असेल आणि फक्त शिक्का हवा असेल तेव्हा. किंवा अडचण डोळ्यांना दिसत असेल तेव्हा. एकाच मशिनपुढे महिनोन्‌महिने ट्रॉल्यांची रांग असेल तर त्याला मॉडेल कशाला? तिथे जाऊन उभे राहा. नवीन मशिन, नवीन शेड, तिसरी पाळी, मिल्क-रन (एकाच फेरीत अनेक ठिकाणचा माल घेणारी गाडी) सुरू करणं, गोदाम चाकणला हलवणं, अशा परत फिरवता न येणाऱ्या खर्चाआधी मात्र जरूर करा.

किती वेळ लागतो आणि कोणाला बसवायचं?

एक उत्पादन-कुटुंब, सात-आठ मशिन आणि एक ग्राहक एवढंच घेतलं तर काही आठवड्यांत कामाचं मॉडेल उभं राहतं. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ माहिती गोळा करण्यात जातो. बाहेरचा सल्लागार किंवा इंजिनिअरिंग कॉलेजचा इंटर्न मॉडेल बांधेल, पण पीपीसीमधला एक माणूस सुरुवातीपासून त्याच्यासोबत हवा. इंटर्न मे महिन्यात निघून जातो आणि मॉडेल त्याच्या लॅपटॉपवर राहतं, हे वारंवार घडतं. म्हणून फाइल कंपनीच्या सर्व्हरवर, आणि सोबत एक साधा कागद: कोणता आकडा कुठून घेतला, कोणता सेटरला विचारून टाकला, कोणता निव्वळ अंदाज आहे. नवीन मशिन आलं किंवा ग्राहकाने स्लॉट बदलला की आधी तो कागद बदलायचा, मग मॉडेल.